पिंपळाला माळा, आणि पालींची बाजू

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. गेटजवळच्या पिंपळाला एलईडीच्या माळा वर्षभर ठेवायच्या की दिवाळीपुरत्याच? मी लिहिलं, वर्षभर नको. पक्षी, किडे, पाली, सगळ्यांची रात्र नासते. चुलतभावाचं उत्तर लगेच आलं, 'काय बे, पाली तर दिव्याखालीच जमतात. त्यांना आवडते रोषणाई.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

वरवर बरोबर वाटतं, म्हणूनच जास्त चीड आली. भाऊ म्हणतो ती भिंतीवरची पाल. झाडावरची त्याने पाहिलेली नाही.

मी राहतो ऑस्ट्रेलियात, केर्न्सला. इथून गिलीजचा घाट चढलं की युंगाबरा गावाजवळ कर्टन फिग नावाचं झाड आहे. आपल्याच पाखरीच्या जातीचं, म्हणजे वड-पिंपळाच्या गोत्रातलं. पहिले पाऊस झाले की मी रात्री तिथे जातो, लीफ-टेल्ड गेको, म्हणजे पानासारख्या शेपटीची रानपाल बघायला. खोडावर डोकं खाली करून बसते. अंगावर दगडफुलाचे रंग, शेपूट चपटी, कडांना झालर; हातभर अंतरावर असून दिसत नाही. बोटांना घरच्या पालीसारख्या चिकट गाद्या नाहीत, नख्यांनी साल धरते. शिकारीमागे फिरत नाही, बसून राहते. किडा टप्प्यात आला की झडप. पापण्या नाहीत, म्हणून मध्येच जिभेने डोळा पुसते. दिवसा चिरेएवढी असलेली बाहुली अंधारात पसरते. माणसाला सगळं करडं दिसतं तेवढ्या उजेडातही काही गेकोंना रंग कळतात. असल्या डोळ्यांसमोर माळ लावायची? मी टॉर्चवर लाल कागद लावतो, तोही थोडा वेळ.

इथे रात्री झाडाखाली उभं राहिलं तर कोणी हटकत नाही. नागपुरात गोरेवाड्याच्या जंगलाजवळ उभा राहून बघा, पहिला प्रश्न 'कोण हवंय?' (ख्रिसमसला इथल्या समुद्रकाठच्या एस्प्लनेडवर माळा लागतात, पण तो विषय वेगळा.) आणि याच ग्रुपवर २०२४ मध्ये पेंचचं जंगल देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारी जागा, झालं म्हणून केवढा जल्लोष! अंधाराचा अभिमान पेंचपुरता, गेटवर मात्र लखलखाट.

भाऊ म्हणतो ती पालही इथे आहेच. आशियातली, मालासोबत बोटीतून आलेली. माझ्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली रोज चुकचुकते. शेजारीण झाडू घेऊन हाकलते: ही इथली नाही, इथल्या पालींची जागा बळकावते. मी मान डोलावतो. शास्त्र म्हणून तिचं बोलणं अगदीच खोटं नाही. पण ती हे कोणाला सांगतेय, हे तिच्या लक्षात येत नाही. ती गेली की मी दिवा पुन्हा लावतो. जंगलातल्या पालीसाठी घाट चढतो, पण रात्री कान असतात या चुकचुकीकडे. आमची आजी ती ऐकली की जमिनीवर बोट ठोकून 'कृष्ण कृष्ण' म्हणायची. इथल्या रानातल्या पालीने मला असं काही आठवून दिलं नाही, अन् देणारही नाही.

हे ग्रुपवर लिहिणं शक्यच नव्हतं. लिहिलं ते एवढंच की माळा दहाला बंद करा. भावाचं उत्तर, 'तू तिथं बसून सांगू नको. इथं राहतो का तू?'

नाही राहत. पण आईच्या फ्लॅटचा मेंटेनन्स दर महिन्याला मीच भरतो, आणि त्या माळांचं वीजबिल त्यातूनच जाणार आहे.