पाणी तोडल्यावर सुकतं ते बाळ, जंत नव्हे

काल रात्री ताईचा फोन आला. तिच्या अकरा महिन्यांच्या बाळाला दोन दिवस जुलाब होत होते आणि तिने त्याचं पाणी बंद केलं होतं. कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज: माणसाच्या पोटात 'क्रिप्टोस्पोरिडियम' नावाचा नवा जंत तयार झालाय, तो फक्त गुरांपासून येतो, क्लोरीनच्या पाण्यात मरतो, जंताच्या गोळीने पडतो, आणि पाणी तोडलं की आतल्या आत सुकतो.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्याने जीव जातो. हा परजीवी आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत शिरून तिथेच वाढतो. पाणी तोडून तो सुकत नाही, बाळ सुकतं. व्हिडिओ कॉलवर ताईने बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश खाली बसली, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. डोळे खोल गेलेले. ओआरएस चमच्याचमच्याने सुरू कर, अंगावरचं दूध बंद करू नकोस आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, एवढंच मी ओरडून सांगितलं. मेसेज लिहिणाऱ्याने असं बाळ कधी पाहिलंय का?

गोळीचं म्हणाल तर हा जंतच नाही, एकपेशीय जीव आहे. जंताच्या गोळीतल्या अल्बेंडाझोल या औषधाने त्याचं काही बिघडत नाही.

क्लोरीन? १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या, म्हणजे शुद्धीकरण केलेल्या पाण्यातून अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले, ते याच परजीवीमुळे. त्याचं कवच क्लोरीनला दाद देत नाही. पाणी उकळावंच लागतं.

'नवा' म्हणे! १९०७ मध्ये तो उंदरात सापडला, १९७६ मध्ये माणसात.

तो बदलतोय, एवढं मात्र मान्य करावं लागेल. वासरांपासूनही येतो, तेही खरं. पण 'फक्त गुरांपासून' हे साफ चूक. २०१९ मध्ये 'नेचर मायक्रोबायोलॉजी'त आलेल्या जनुकीय अभ्यासात गुरांकडून येणाऱ्या प्रजातीचीच माणसात रुळलेली एक उपप्रजाती वेगळी ओळखली गेली. ती माणसाकडून माणसाकडे पसरते, आणि माणसातल्या दुसऱ्या प्रजातीशी तिची जनुकांची देवाणघेवाणही झालेली दिसते. म्हणजे घराच्या आसपास एकही गाय नसली तरी हा आजार घरात येऊ शकतो.

म्हणून ताई, लंगोट बदलल्यावर सॅनिटायझरवर भागवू नकोस, त्याने हा मरत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धू. जुलाब थांबले तरी पुढचे दोन आठवडे तसंच कर, कारण तोवर शीतून तो बाहेर पडत असतो.