मेणबत्तीकडे बघून मुलांची चक्कर जात नाही

‘वाचताना मुलाला चक्कर येते, अक्षरं हलतात? चष्मा लावू नका, नंबर वाढतो. रोज 20 मिनिटं मेणबत्तीकडे एकटक बघायला लावा, रात्री डोळ्यांत मधाचा थेंब टाका.’ हा मेसेज भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर आला आणि घरात मधाची बरणी निघाली, म्हणून लिहितोय.

मध आधी. बरणीतला मध निर्जंतुक नसतो. तो झोंबतो, मूल डोळा चोळतं, बुबुळावर ओरखडा येतो. त्यात जंतुसंसर्ग झाला तर पांढरा डाग कायमचा राहू शकतो. बंद करा.

आता मेणबत्ती. अक्षरं हलणं, एकाची दोन दिसणं, ओळ सुटणं, वाचताना गरगरणं, या तक्रारींमागे बरेचदा कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी असते, म्हणजे जवळचं बघताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत. दोन डोळ्यांत साडेपाच सेंटिमीटर अंतर असलेल्या मुलाला 33 सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी डोळे साधारण 17 प्रिझम (डोळे किती वळले ते मोजायचं एकक) आत वळवावे लागतात. तीन फुटांवरच्या ज्योतीला जेमतेम 6. जे काम जमत नाही, त्याचा सरावच इथे होत नाही. वर डोळे कोरडे पडतात ते वेगळंच.

घरी अंदाज घ्यायचा तर असा घ्या. चष्मा असेल तर तो घालूनच. पेन्सिलीवर एक बारीक अक्षर चिकटवा, 40 सेंटिमीटरवरून नाकाच्या रेषेत सावकाश जवळ आणा. अक्षर दोन दिसलं किंवा एक डोळा बाहेर सरकला की थांबा आणि भुवयांच्या मधोमधपासून अंतर मोजा. 6 सेंटिमीटर किंवा जास्त भरलं तर तपासणी हवी. तीन-चार वेळा करा, कारण डोळे थकले की अंतर वाढतं. काही मुलांना दोन दिसतच नाहीत, मेंदू एक चित्र दाबून टाकतो. म्हणून मूल काय सांगतं यापेक्षा त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा.

डोळ्यांच्या व्यायामाने फायदा होतो, एवढं मान्य करावंच लागतं. पण कुठल्या? अमेरिकेत 9 ते 17 वयाच्या 221 मुलांवर 12 आठवडे चाचणी झाली, 2008 साली ती प्रसिद्ध झाली. आठवड्यातून एकदा दवाखान्यात तासभर थेरपी, म्हणजे डोळ्यांचे व्यायाम, आणि जोडीला घरचा सराव, यात 73 टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल जवळ आणणाऱ्यांत 43, खोट्या थेरपीत, म्हणजे तुलनेसाठी करून घेतलेल्या पण उपचार नसलेल्या व्यायामांत, 35. मात्र थेरपीने मार्क वाढतील असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही. पुढच्या मोठ्या चाचणीत वाचलेलं समजण्यात खोट्या थेरपीपेक्षा जास्त फरक पडला नाही.

चष्मा टाळल्याने नंबर थांबत नाही. उलट लपलेला प्लस नंबर (जवळचं बघायला डोळ्यांना जास्त जोर लावावा लागतो तो) असेल तर डोळ्यांवर सतत ताण येतो, तिथे चष्मा हाच उपचार. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासल्याशिवाय मुलांचा हा नंबर नीट सापडत नाही.

आणि प्रत्येक चक्कर डोळ्यांची नसते. पुस्तक समोर नसतानाही सगळं फिरतं, तेव्हा मुलांमध्ये मायग्रेनचा विचार आधी करतात, मग कान. उठल्यावर अंधारी येत असेल तर पाणी, जेवण, हिमोग्लोबिन बघा. अचानक दोन दिसायला लागलं, एक डोळा अचानक तिरळा झाला, सकाळी डोकं दुखून उलट्या होतात, चालताना तोल जातो, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.