लाल सोयाबीन, पॉलिमरचा लेप आणि विरळ उगवण : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलं आहे की लेप दिलेल्या सोयाबीनच्या ३० किलोच्या पिशवीतून शेत विरळ उगवलं, कारण पॉलिमरने, म्हणजे औषध दाण्यावर चिकटवून ठेवणाऱ्या लाल रंगाच्या लेपाने, बी गुदमरतं. लेप म्हणजे रंग चढवून भाव वाढवण्याचा प्रकार आहे, गुळाच्या पाण्याने तेच काम होतं आणि वर जमिनीत प्लास्टिक जातं, असंही तुमचं म्हणणं आहे. दुबार पेरणीचा खर्च मोठा असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गुदमरण्याबद्दल. बियाण्यावरचा लेप फार पातळ असतो आणि चांगल्या पॉलिमरमधून पाणी व हवा आरपार जाते. घरी बघायचं असेल तर पिशवीतले १०० दाणे पेलाभर पाण्यात टाका. थोड्याच वेळात पाणी लाल होईल आणि टरफलाला सुरकुत्या पडू लागतील, म्हणजे पाणी आत शिरतंय. त्याच पेल्यात १० मिनिटांच्या आत जे दाणे टम्म फुगतील, ते टरफल तडकलेले आहेत. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा पोती आपटली की सोयाबीनचं हे होतंच. टरफल पातळ आणि अंकुर अगदी त्याच्याखाली, त्यामुळे मार थेट त्याला बसतो. तुमच्या आक्षेपातलं खरं इथे आहे: रंगीत लेपाखाली ही तडक डोळ्यांना दिसत नाही. साध्या बियाण्यात तुम्ही मूठ उघडून फुटके दाणे ओळखले असते. म्हणून रंग बघून बियाणं घेऊ नका, उगवण तपासा. कायद्याने सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते, आणि पॉलिमर ५० टक्क्यांच्या बियाण्याला ७० वर नेत नाही. तसा दावा कोणी करत असेल तर तो खोटा आहे.

विरळ उगवलेल्या शेतात कारण शोधायचं असेल तर ओळीतला मीटरभर भाग खुरप्याने हळूच उकरा. दाणा कोरडा, टणक, न फुगलेला सापडला तर ओल कमी पडली. सोयाबीनला उगवायला स्वतःच्या वजनाच्या निम्मं पाणी लागतं. म्हणूनच ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर पेरा असं सांगतात. दाणा फुगून मऊ, घाण वास येणारा निघाला तर बी मुळात कमजोर होतं किंवा पाणी साचलं. अंकुर वाकून मान मोडलेला दिसला तर बी ५ सेंटिमीटरच्या खाली गेलं किंवा पावसानंतर वर पापडी धरली. लेपावर संशय घ्यायचा तर चित्र वेगळं दिसायला हवं: माती ओली, शेजारच्या ओळीतलं बिनलेपाचं बी उगवलेलं आणि लेपाचं मात्र तसंच पडलेलं. असं होऊ शकतं, पण ते जाड लेपाने किंवा पाणी अडवणाऱ्या प्रकारच्या पॉलिमरने. ओल जेमतेम असेल तर जाड लेपाचं बी मागे पडतं, हे मी नाकारत नाही.

घरच्या बियाण्याला लेप देताना बिघडतं ते पाण्यामुळे. सोयाबीनला सगळं मिळून किलोला ५ ते ६ मिलीपेक्षा जास्त द्रव देऊ नये, नाहीतर टरफल सैल होऊन बियाणं घोळायच्या ढोलात सालपटं निघतात. ३० किलोसाठी कार्बोक्झिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के हे बुरशीनाशक ९० ग्रॅम, म्हणजे किलोला ३ ग्रॅम. ते आधी ९० मिली पाण्यात गुठळी न राहता कालवा, मग ७५ मिली पॉलिमर घालून काठीने ढवळा. बाटलीत घालून जोरात हलवलं की फेस होतो आणि लेप कुठे चढतो, कुठे नाही. बियाण्यातली धूळ आधी चाळून काढा, कारण धुळीवर बसलेला लेप धुळीबरोबर गळतो. ढोल दोन-तीन मिनिटं सावकाश फिरवायचा. हातात मोजे घाला. मग सावलीत ताडपत्रीवर पातळ पसरा, गोणपाटावर नको, ते औषध शोषून घेतं. उन्हात वाळवलं तर लेपाला आणि टरफलाला दोघांनाही तडे जातात. अर्धवट ओलं पोत्यात भरलं की गोळे होतात, आतून तापतं आणि बुरशी धरते.

गुळाच्या पाण्याची जागा वेगळी आहे. ते जिवाणू कल्चर बियाण्याला चिकटवण्यासाठी आणि लगेच पेरण्यासाठी. गूळ लावलेलं बी ठेवलं तर बुरशीला खाऊ मिळतो आणि पेरणीयंत्राच्या चकतीत दाणे चिकटून बसतात. पॉलिमरचं मुख्य काम औषध दाण्यावर धरून ठेवणं. त्याचा कस घरीही लागतो: १०० ग्रॅम बी कोरड्या पारदर्शक बरणीत दोन-तीन मिनिटं हलवा आणि तळाशी किती पूड साचते ते पाहा. ही पूड म्हणजे कमी झालेलं औषध, आणि पेरताना ती माणसाच्या नाकात किंवा वाऱ्यावर जाते. २००८ साली जर्मनीत ऱ्हाईन खोऱ्यात मक्याच्या बियाण्यावरचं क्लोथियानिडिन हे कीटकनाशक नीट चिकटलेलं नव्हतं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांनी ती धूळ बाहेर फेकली आणि मधमाश्यांच्या ११ हजारांहून जास्त वसाहतींना फटका बसला. चिकटवणारा पदार्थ फालतू खर्च वाटतो तेव्हा हे आठवावं.

रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरून पिकाला नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, वापरत असाल तर लेपाने ते सुरक्षित झालं असं समजू नका. थायरम जिवाणूंना मारक आहे, लेपाने संपर्क कमी होतो, थांबत नाही. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते वाळल्यावर अगदी पेरणीच्या तोंडावर कल्चर. त्याहून चांगलं म्हणजे कल्चर शेणखतात मिसळून ओळीत देणं.

प्लास्टिकचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे. ॲक्रिलिक किंवा पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे लेप मातीत लवकर कुजत नाहीत. एकरी थोडाच कोरडा पदार्थ जातो, तरी तो दरवर्षी जातो. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमात औषध लावलेल्या बियाण्यांवरच्या अशा सूक्ष्म प्लास्टिकला १७ ऑक्टोबर २०३१ पर्यंतच मुदत दिली आहे. सेल्युलोज, स्टार्च, कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) यांचे लेप त्याला पर्याय आहेत. घरी लेप देताना विक्रेत्याकडे पॉलिमर कशाचं आहे हे विचारून घ्या.

तुमच्या पिशवीत मूठभर बी उरलं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटाच्या गुंडाळीत ठेवा, पाणी निथळून घ्या, आठव्या दिवशी निरोगी रोपं मोजा. ७० च्या खाली आली तर पावती, पिशवी आणि लेबल सांभाळून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. उरलेलं बी जनावरांना किंवा तेलाला देऊ नका, त्यावर विष आहे.