‘गरोदर बाईला घाबरवू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गरोदरपणी आईनं श्वासात घेतलेल्या प्रदूषित हवेचा पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ फ्रेडरिका पेरेरा यांच्या संशोधनावर मी लेख लिहिला होता. त्याला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : सल्ले ऐकून आधीच बेजार झालेल्या गरोदर बाईच्या जिवाला मी हवेचा आणखी एक घोर लावला, बुद्ध्यांक चार गुणांनी कमी भरला तर असं काय बिघडतं, आणि गरिबीचे परिणाम प्रदूषणाच्या माथी मारले गेले आहेत.

शेवटचा आक्षेप वजनदार आहे, आधी तोच घेते. पेरेरा यांनी 1998 साली कोलंबिया विद्यापीठात मुलांच्या पर्यावरणीय आरोग्याचं केंद्र सुरू केलं. अभ्यासात न्यूयॉर्क शहराच्या उत्तर मॅनहॅटन आणि साउथ ब्राँक्स या भागांतल्या, धूम्रपान न करणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन आणि डॉमिनिकन स्त्रिया होत्या, बहुतेक कमी उत्पन्नाच्या. म्हणजे गरीब वस्तीची श्रीमंत वस्तीशी तुलना केलेलीच नाही. एकाच भागातल्या, बऱ्याच अंशी सारख्याच परिस्थितीतल्या बायकांची आपापसात तुलना आहे. शेवटच्या तिमाहीत प्रत्येकीनं दोन दिवस पाठीवर एक पिशवी वागवली. पिशवीतला छोटा पंप तिच्या नाकाजवळची हवा ओढून गाळणीत धरत होता; रात्री पिशवी अंथरुणाशेजारी. त्या हवेत पीएएच, म्हणजे कोळसा, डिझेल, तंबाखू जळताना निघणारी संयुगं, मोजली गेली. ज्यांच्या आईच्या हवेत ती जास्त होती, त्या मुलांचा बुद्ध्यांक पाचव्या वर्षी सरासरी 4.31 गुणांनी कमी आला. आईची स्वतःची बुद्धिमत्ता, घरात मुलाकडे दिलं जाणारं लक्ष, घरातला सिगारेटचा धूर, हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला.

तरीही नुसत्या निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच मला चीनमधल्या टोंगलियांगचा अभ्यास फार मोलाचा वाटतो. तिथलं कोळशावरचं वीजकेंद्र दर वर्षी डिसेंबर ते मे चालायचं. 2004 साली ते बंद झालं. पेरेरा आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी 2002 साली जन्मलेली मुलं आणि 2005 साली जन्मलेली मुलं, असे दोन गट तपासले. पहिल्या गटात नाळेच्या रक्तातल्या डीएनएला पीएएच जितके जास्त चिकटलेले, तितका दोन वर्षांच्या मुलांचा विकास मागे, विशेषतः हालचालींचा. दुसऱ्या गटात हे प्रमाण घटलं होतं आणि विकासाशी असलेला तो संबंध दिसेनासा झाला. गट लहान होते, हे खरं. पण गाव तेच. गरिबी तीन वर्षांत नाहीशी होत नाही. बंद झालं होतं ते धुराडं.

चार गुणांचं म्हणाल, तर एका मुलाच्या बाबतीत ते कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. पण अख्ख्या समूहाची सरासरी 100 वरून 96 वर आली, तर 70 च्या खालची मुलं लाखात साधारण 2,300 असतात ती 4,100 च्या वर जातात. अशा मुलांना शाळेत बहुधा वेगळी मदत लागते. याला किरकोळ म्हणायला माझं मन धजत नाही.

आता घाबरवण्याबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी मुळीच सहमत नाही. वार (प्लासेंटा) सगळं अडवते, पोटातलं बाळ सुरक्षित असतं, या समजुतीनं बाईला दिलासा मिळत असेल, पण बाळाचा बचाव होत नाही. पेरेरा कर्करोगावर काम करत होत्या तेव्हा तुलनेसाठी ‘निर्मळ’ नमुने हवेत म्हणून त्यांनी वार आणि नाळेचं रक्त तपासायला घेतलं, आणि प्रदूषणाच्या खुणा तिथेही सापडल्या. पुढे तर असं दिसलं, की गर्भापर्यंत पोचणारी मात्रा आईच्या मानानं दहा पटींनी कमी असावी, तरी डीएनएवरच्या खुणा जवळपास आईइतक्याच. हे लपवून ठेवायचं ते कुणाच्या सोयीसाठी?

आणि मुळात या संशोधनाचं बोट आईकडे नाहीच. न्यूयॉर्कमध्ये झुरळांसाठी घरोघर क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक फवारलं जायचं. नाळेच्या रक्तात ते आणि डायझिनॉन हे दुसरं कीटकनाशक मिळून सर्वांत जास्त असलेल्या बाळांचं वजन, सर्वांत कमी असलेल्यांच्या मानानं, सरासरी 186 ग्रॅमनी कमी भरलं होतं. 2000 साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं उत्पादकांशी करार करून क्लोरपायरीफॉसचा घरगुती वापर थांबवायला घेतला. जानेवारी 2001 नंतर जन्मलेल्या बाळांच्या रक्तातलं प्रमाण झपाट्यानं उतरलं आणि वजनाशी असलेला संबंधही दिसेना. हे नियमानं घडलं. बाईनं काळजी घेतली नाही म्हणून बाळाचं वजन कमी होतं, असं कुणी म्हणू लागलं की मला हीच आकडेवारी पुढे करावीशी वाटते.

घरात सिगारेट नको, फवारणी नको, एवढे दोनच सल्ले लेखात होते. ते पाळायचे आहेत घरातल्या सगळ्यांनी, एकट्या तिनं नव्हे.

तुम्ही संख्याशास्त्र शिकवता असं लिहिलंत. टोंगलियांगच्या दोन्ही गटांची तुलना 2008 साली प्रसिद्ध झाली आहे. ती वाचून तुम्हाला त्यात काही कच्चं दिसलं, तर इथेच लिहा. मला त्यावर मनापासून बोलायचं आहे.