दीडशे सीसीची गाडी आठ हजारांत रेसची होत नाही

'कुठलीही 150 सीसी गाडी आठ हजारांत रेसिंग बनवा, 150 चा स्पीड गॅरंटी.' हा फॉरवर्ड व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यात सहा कामं सांगितली आहेत: सायलेन्सरची पुंगळी (आवाज दाबणारी आतली नळी) काढा, एअर फिल्टर काढून मोठा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) टाका, इरिडियमचा स्पार्क प्लग बसवा, 100 ऑक्टेन पेट्रोल भरा, हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) दोन मिलिमीटर घासून आणा, लिमिटर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी सोय) नसलेला सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) लावा. शेवटी, रात्री दोनला वांद्रे रेक्लमेशनच्या रस्त्यावर येऊन फरक बघा.

मी लहान इंजिनं रेससाठी बांधतो. मुलुंडपासून मीरा रोडपर्यंतची मुलं हा फॉरवर्ड फोनवर उघडून समोर धरतात. काहींनी निम्मी कामं आधीच करून घेतलेली असतात आणि गाडी टेम्पोतून आलेली असते. त्यांचे पैसे कष्टाचे असतात, म्हणून एकेक ओळ तपासून लिहितो. हिशेबाला मुंबईत गल्लोगल्ली दिसणारी कार्बोरेटरवाली पल्सर 150 घेऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) 58 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 56.4 मिमी, म्हणजे 149 सीसी. ताकद सुमारे 14 हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) साडेनऊच्या आसपास.

'पुंगळी काढली की तीन हॉर्सपॉवर वाढतात.' वाढतो तो आवाज. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारी झडप) उघडला की दाबाची लाट पाइपातून धावते, पाइप जिथे रुंद होतो तिथून ती उलटी होऊन परत येते आणि दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना पोचली तर सिलिंडरमधला जळका वायू ओढून घेते. त्या जागेवर ताजी हवा जास्त येते. ताकद इथे मिळते, आणि ती कुठल्या आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळणार हे हेडपासून निघणाऱ्या पाइपाची लांबी आणि जाडी ठरवतात. लाटेच्या जाण्या-येण्याला क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतं त्या दांड्याचे) 120 अंश धरू. 8000 आरपीएमला तो तेवढा फिरायला अडीच मिलिसेकंद लागतात. तापलेल्या वायूत लाट सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास धावते असं धरलं, तर जाऊन-येऊन सव्वा मीटर, म्हणजे पाइप साठ-बासष्ट सेंटिमीटरचा हवा. मागची पुंगळी काढल्याने ही लांबी बदलत नाही. वरच्या आरपीएमला किंचित मोकळं वाटेल, पण मधल्या आरपीएमचा पिकअप बहुतेक वेळा पडतो.

टू-स्ट्रोकला तर हे जास्तच लागू आहे. आरएक्स 100 चा सायलेन्सर मागून कापणारे आजही आहेत. टू-स्ट्रोकमध्ये पाइपाच्या आतला शंकू बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडन यांनी ह्याच लाटेवर वर्षानुवर्षं काम केलं आणि 1961 पर्यंत 125 सीसीतून 25 हॉर्सपॉवर काढली. त्यांनी पाइप मोकळा केला नव्हता, मोजून बांधला होता.

'पण चालवताना फरक जाणवतो की.' जाणवणं हे माप नाही. मुंबईत तर नाहीच. मे महिन्याच्या दमट दुपारी हवेतला साडेतीन टक्क्यांच्या आसपास भाग नुसती पाण्याची वाफ अडवते, वर उष्णतेने हवा विरळ झालेली असते. जानेवारीच्या पहाटे तीच गाडी काहीही न करता जोरात पळते. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) हवामानाचा हिशेब धरून आधी आणि नंतर असे दोन आलेख काढले नसतील, तर तीन हॉर्सपॉवरचा दावा करू नये.

'फिल्टर काढा, मोठा जेट टाका.' यातलं मोठ्या जेटचं अर्धवट खरं आहे. इंजिन खरोखर जास्त हवा घेऊ लागलं, तर इंधनही वाढवावं लागतं. पूर्ण ताकदीसाठी हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण साडेबारा-तेराला एक लागतं. पण जेट किती मोठा, हे प्लगचा रंग आणि एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर (उरलेला ऑक्सिजन मोजणारा) बघून ठरतं, फॉरवर्डमधल्या आकड्यावरून नाही. पंपावर आता ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत त्याला त्याच हवेत वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे जुनी कार्बोरेटरची गाडी मुळातच थोडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालते आहे. अशा गाडीचा एअरबॉक्स (फिल्टरचा डबा) काढला की सीव्ही कार्बोरेटरची स्लाइड (हवेच्या दाबावर वर-खाली होणारा भाग) बिथरते, मिश्रण आणखी लीन होतं, पिस्टन तापतं. शिवाय मेट्रोची आणि रीडेव्हलपमेंटची कामं चालू असलेल्या या शहरात उघड्या कार्बोरेटरने गाडी चालवणं म्हणजे बोअरमध्ये रेतीची पूड सोडणं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 गाड्यांना तर बहुतेक जेटच नाही. तिथे ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) मॅप बदलावा लागतो, आणि ते वेगळं, महागडं काम आहे.

इरिडियम प्लगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो टिकतो जास्त, ठिणगीला व्होल्टेज थोडं कमी लागतं. ठीक चालणारा साधा प्लग काढून तो लावला तर ताकद वाढत नाही. रेसच्या इंजिनात महत्त्वाची असते ती प्लगची हीट रेंज, म्हणजे तो उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते.

आता हेड. फॉरवर्डमधली सर्वांत घातक ओळ हीच. 58 मिमी बोअरचं क्षेत्रफळ 26.4 चौरस सेंटिमीटर. ज्वलनकक्षाचं (हेडमधल्या, मिश्रण जळतं त्या पोकळीचं) तोंड बोअरइतकं धरलं, तर एक मिलिमीटर घासल्यावर 2.64 सीसी जागा जाते. साडेनऊ कॉम्प्रेशनला कक्ष साडेसतरा सीसीचा असतो. एक मिलिमीटरने तो 14.9 वर येतो आणि कॉम्प्रेशन अकरा होतं. दोन मिलिमीटरने थेट तेराच्या वर जातं. हवेवर थंड होणाऱ्या, ट्रॅफिकमध्ये सायन सर्कलला वीस मिनिटं उभ्या राहणाऱ्या इंजिनात तेराच्या वर कॉम्प्रेशन आणि पंपाचं पेट्रोल, म्हणजे नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप, अवेळी स्फोट) नक्की. अशा गाडीचा प्लग काढून भिंगातून बघा. पोर्सेलीनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके असतात, आणि त्यात बारीक चमकणारे कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. पुढची पायरी पिस्टनला भोक.

आणि मिळतं काय? साडेनऊवरून अकरावर गेल्याने इंजिनाची सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे चार टक्क्यांनी वाढते. चौदा हॉर्सपॉवरवर साधारण अर्धी हॉर्सपॉवर. मग रेसवाले कॉम्प्रेशन का वाढवतात? कारण ते कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलतात. रेसच्या कॅमला इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, खालच्या आरपीएमला भरलेली थोडी हवा परत बाहेर जाते, आणि ती तूट भरून काढायला कॉम्प्रेशन लागतं. कंपनीच्या कॅमवर नुसतं हेड घासणं हे निम्मंच काम आहे.

ते काम करायचंच असेल तर कसं होतं, तेही सांगतो. हेड उलटं ठेवून त्यावर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून बसवायची आणि ब्युरेटने (खुणांच्या मोजनळीने) तेल सोडून कक्ष किती सीसीचा आहे ते मोजायचं. मग पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हच्या खाचांत मुलांची खेळायची क्ले दाबून, तिला तेलाचं बोट लावून हेड जुन्या गास्केटवर कसायचं. क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा. हेड उतरवलं की क्लेवर व्हॉल्व्हचे ठसे उमटलेले असतात. ब्लेडने ठसा मधोमध कापून त्याची जाडी कॅलिपरने मोजायची. इनटेकला एक मिलिमीटरच्या आत आणि एक्झॉस्टला दीडच्या आत आलं तर थांबायचं. हेड खाली आल्याने टायमिंग चेन सैल पडून कॅम काही अंश मागे जातो, तो डिग्री चकती लावून परत जागेवर आणावा लागतो. साकीनाक्याचा किंवा कुर्ल्याचा चांगला लेथवाला हेड सपाट करून देईल, पण किती काढायचं हे त्याला आपण सांगायचं असतं, आणि 'दोन मिलिमीटर' हे मोजमापाशिवाय आलेलं उत्तर आहे.

100 ऑक्टेनचा मुद्दा इथेच मिटतो. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता, जास्तीची ऊर्जा नव्हे. अकरा-बाराच्या कॉम्प्रेशनला, इग्निशन पुढे घेतलेल्या (ठिणगी लवकर पाडणाऱ्या) इंजिनात ते पेट्रोल उपयोगी आहे. साडेनऊच्या गाडीत त्याच्यावर घातलेले जादा पैसे ताकदीत उतरत नाहीत.

'लिमिटर काढा, 11000 फिरवा.' 56.4 मिमी स्ट्रोकचं पिस्टन 8500 आरपीएमला सरासरी सेकंदाला 16 मीटर धावतं, 11000 ला 20.7 मीटर. कनेक्टिंग रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 67 टक्के जास्त. होंडाने 1966 मध्ये 50 सीसीचं दोन सिलिंडरचं रेसिंग इंजिन 21500 आरपीएमपर्यंत फिरवलं, पण त्याचा स्ट्रोक 25 मिमीच होता, पिस्टनचा वेग 18 मीटर. आपली रोजची गाडी 11000 ला त्या इंजिनापेक्षा जास्त वेगाने पिस्टन आपटत असते, तेही साध्या व्हॉल्व्ह स्प्रिंगवर. स्प्रिंग झेपली नाही की व्हॉल्व्ह वेळेत बसत नाही आणि पिस्टन त्याला गाठतं. वर, हेडमधून तेवढी हवा जात नसल्याने 8500 च्या पुढे ताकद उतरतच असते.

राहिला 150 चा स्पीड. वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. 14 हॉर्सपॉवरवर 115 पळणाऱ्या गाडीला 150 साठी सुमारे 31 लागतील. म्हणजे दर सीसीला जवळजवळ तेवढी ताकद, जेवढी मोटो 3 ची (जागतिक मोटरसायकल शर्यतींतल्या लहान वर्गाची) 250 सीसी इंजिनं देत आली आहेत. ती इंजिनं 55 ते 60 हॉर्सपॉवरची, 81 मिमी बोअरची, 13500 आरपीएमची, आणि कारखान्यांनी मुद्दाम रेससाठी घडवलेली. आठ हजारांत हे देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे.

त्या आठ हजारांत टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घ्या, व्हॉल्व्ह लॅपिंग (घासून नीट बसवणं) करा, कॉम्प्रेशन गेजने बोअर-पिस्टनची तब्येत तपासा, क्लच प्लेट बदला, उरलेल्यातून चांगला मागचा टायर आणि ब्रेक पॅड. दमलेल्या इंजिनाची हरवलेली ताकद परत येते, आणि ती खरी असते. पिकअप हवा असेल तर मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं लावून बघा. टॉप स्पीड थोडा जाईल, पण बदल उलटा करता येतो.

आणि रेक्लमेशनला रात्री दोनला नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली रस्त्यावरची शर्यत गुन्हा आहे, सी लिंक आणि कोस्टल रोडवर दुचाकीला प्रवेशच नाही, बदललेले सायलेन्सर पोलीस रोलरखाली घालतात. त्याहून मोठी गोष्ट ही की तिथे वळणाच्या पलीकडे कुणाची तरी रिक्षा उभी असते. मुंबईत ट्रॅक नाही हे दुःख मलाही आहे. पण आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर क्वार्टर माइलचे ड्रॅग होतात, कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) लायसन्स काढून वन-मेक शर्यतीत उतरलात तर सगळ्यांना कंपनीनेच तयार केलेल्या सारख्या गाड्या मिळतात. तिथे इंजिनाला हात लावायचाच नसतो.