शिबिरं घ्या, पण आधी फायरिंगची खरी तारीख सांगा

लष्करी तळ आणि भोवतालची गावं यांच्या सलोख्याच्या बातम्या ठरलेल्या असतात. आरोग्य शिबिर, शाळेला रंग, पंधरा ऑगस्टला बँड, भरतीपूर्व मार्गदर्शन. माझा त्याला विरोध नाही. फुकट चष्मा मिळत असेल तर घ्यावाच. पण रेंजला, म्हणजे लष्कराच्या तोफा-बंदुकांच्या सरावाच्या माळाला, लागून असलेल्या गावातल्या गुराख्याला एवढंच विचारा: उद्या जनावरं कुठल्या अंगाला सोडायची, हे तुला आज संध्याकाळी कळतं का? बहुतेक ठिकाणी कळत नाही. माझ्या मते नातं तिथंच तुटतं, आणि शंभर शिबिरांनी ते सांधलं जात नाही.

आधी कायद्याचं थोडं, कारण गावात आणि कधी कधी तहसील कचेरीतही याबद्दल गोंधळ असतो. फील्ड फायरिंग रेंजची सगळी जमीन लष्कराच्या मालकीची नसते. १९३८ चा एक कायदा आहे, नाव लांबलचक: मनुव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट. राज्य सरकार ठरावीक मुदतीसाठी एखादं क्षेत्र अधिसूचित करतं. त्या मुदतीत तिथं सराव करता येतो आणि सरावाच्या वेळी धोक्याच्या पट्ट्यात प्रवेशबंदी करता येते. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. नुकसान झालं तर भरपाई द्यायची असते, आणि ती ठरवायला जिल्हाधिकाऱ्यानं महसूल अधिकारी नेमायचा असतो. त्याचा निर्णय पटला नाही तर दाद मागायची सोयही आहे. ब्रिटिशांच्या काळातला कायदा असूनही या बाबतीत तो वाईट नाही. वाईट आहे ती त्याची अंमलबजावणी.

नोटिशीचंच बघा. स्टेशन हेडक्वार्टरकडून, म्हणजे तळाच्या मुख्य कचेरीकडून, पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून प्रांत, तहसीलदार, मग तलाठी आणि पोलीस पाटील. कागद गावात पोचेपर्यंत पहिलं फायरिंग होऊन गेलेलं असू शकतं. त्याहून मोठा घोटाळा म्हणजे सरसकट नोटीस. 'दिनांक १ ते ३० या कालावधीत सराव होईल.' सराव करणाऱ्या युनिटच्या, म्हणजे लष्करी तुकडीच्या, बाजूनं हे सोयीचं असतं, कारण हवामान, दारूगोळ्याची उपलब्धता, वरिष्ठांची भेट यांमुळे तारखा हलतात. पण महिनाभर कुणी शेत सोडून बसत नाही. पहिले तीन दिवस काहीच फुटलं नाही की चौथ्या दिवशी माणूस बैल घेऊन जातो, आणि नेमका तेव्हाच गोळा येतो. तीस दिवसांची नोटीस कागदावर नियमात बसते, पण सावध कुणालाच करत नाही.

हे सुधारायला पैसे लागत नाहीत. महिन्याची नोटीस राहू द्या, ती कायद्यासाठी. तिच्या जोडीला आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत दुसरा निरोप जायला हवा: उद्या फायरिंग आहे की नाही, किती ते किती, कुठल्या बाजूनं कुठल्या बाजूला. नकाशातले आकडे गावाला देऊन काय उपयोग? 'अमुक ओढ्याच्या पलीकडे, तमुक टेकडीपर्यंत' असं लिहा. आणि हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे फायरिंग संपल्याचा निरोप. तो आला नाही तर लोक स्वतःच्या अंदाजानं आत शिरतात. ठरलेलं फायरिंग रद्द झालं तर तेही लगेच कळवा. नाहीतर दोन-तीनदा फुकट शेत सोडावं लागल्यावर चौथ्यांदा कुणी ऐकत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला म्हणजे काम झालं असं अधिकाऱ्यांना वाटतं. ग्रुपमध्ये सरपंच असतो, ग्रामसेवक असतो, पोलीस पाटील असतो. रेंजच्या माळावर प्रत्यक्ष कोण असतं? मेंढपाळ, सरपण आणणाऱ्या बायका, आणि भंगारवाले. हंगामापुरती वाट बदलून आलेली मेंढरं तर त्या गावच्या कुठल्याच ग्रुपात नसतात. म्हणून देवळाच्या स्पीकरवरून पुकारा आणि वाटांच्या तोंडाशी माणूस, या दोन जुन्या गोष्टी अजून सोडता येत नाहीत. दिवसा लाल झेंडा आणि रात्री लाल दिवा ही पद्धत चांगली आहे, पण फायरिंग संपल्यावर झेंडा उतरवायला हवा. बारा महिने फडकून पांढरा पडलेला झेंडा बघून कुणी थांबत नाही.

आता भंगार. यावर बोलायचं दोन्हीकडचे टाळतात.

तोफेचा गोळा सुटताना बसणारा हिसका आणि गोळ्याचं फिरणं यांमुळे त्याचा फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, 'जागा' होतो. म्हणजे डागलेला पण न फुटलेला गोळा हा पेटीतल्या गोळ्यापेक्षा कितीतरी धोकादायक असतो. लष्करात त्याला 'ब्लाइंड' म्हणतात. मऊ जमीन, चिखल, दाट गवत असेल तर आघात पुरेसा बसत नाही आणि ब्लाइंड वाढतात, म्हणजे पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच. १५५ मिलिमीटरचा गोळा चाळीस किलोच्या वर भरतो, तो निदान दिसतो तरी. ८१ मिलिमीटरचा मॉर्टर बॉम्ब चारेक किलोचा, शेपटीला पंख, पोराच्या हातात सहज मावणारा. तो चिखलात रुततो, वर गवत वाढतं, आणि दोन वर्षांनी नांगराला लागतो. गंज चढला म्हणजे तो निकामी झाला असा समज गावोगाव आहे. तो साफ चुकीचा आहे.

लोक तो का उचलतात? गोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो, ड्रायव्हिंग बँड. पोलादापेक्षा तांब्याला भाव जास्त. तो पट्टा काढायला छिन्नी-हातोडा लावतात, आणि अनेक अपघात त्याच क्षणी होतात. काही जण फायरिंग चालू असतानाच खड्ड्यात किंवा बांधाआड दबा धरून बसतात, कारण दुसऱ्याच्या आधी पोचायचं असतं. याला नुसतं 'अडाणीपणा' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ज्या माळावर एरवी काहीच पिकत नाही, तिथं हे नगदी पीक आहे.

'प्रवेश निषिद्ध'चे आणखी दहा फलक लावून हे थांबणार नाही. थांबवायला दोन ठिकाणी हात घालावा लागेल. पहिलं म्हणजे युनिटनं रेंज सोडण्याआधी ब्लाइंडची मोजदाद. किती डागले, किती फुटले, किती जागेवर स्फोटानं नष्ट केले, किती सापडलेच नाहीत. यातला शेवटचा आकडा आणि अंदाजे जागा गावाला कळायला हवी. गोपनीयतेचा मुद्दा निघेल. पण कुठलं शस्त्र, किती पल्ला, हे कुणी विचारत नाही. 'ओढ्याच्या वरच्या अंगाला चार न फुटलेले आहेत' एवढंच सांगायचं आहे. दुसरं, फुटलेल्या तुकड्यांचं भंगार गोळा करण्याचं काम रीतसर, सफाई झाल्यावर, देखरेखीखाली, त्याच गावांतल्या लोकांना मजुरीवर द्या. ठेका बाहेरच्याला गेला की गावातली माणसं रात्री जातात. आणि मजुरी म्हणजे नुसती रोजंदारीही नको: प्रशिक्षण, विमा आणि सोबत प्रशिक्षित पथक हवंच. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारालगत २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, ६ जण गेले, त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. धोक्याचं काम ठेक्याच्या साखळीत खाली खाली सरकत गेलं की असंच होतं.

गावकऱ्यांसाठी सरळ सूचना: असं काही दिसलं तर हात लावू नका, दगड मारू नका, पाणी ओतू नका. आलात त्याच पावलांनी मागे या. लांबच्या झाडाला किंवा दगडाला फडकं बांधून खूण करा, खूण करायला पुन्हा जवळ जाऊ नका. माणसं-जनावरं त्या वाटेनं येणार नाहीत म्हणून कुणाला तरी उभं करा आणि लांब येऊन पोलीस पाटलाला किंवा ११२ ला फोन करा. शाळेत हे वर्षातून दोनदा सांगा, एकदा पेरणीच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या सुटीआधी. सुटीतच पोरं माळावर जास्त जातात.

भरपाईचं दुखणं वेगळं. घराला तडे गेले असा अर्ज येतो, उत्तर येतं की तडे जुने आहेत. दोन्ही बाजूंना खरं-खोटं करता येत नाही, कारण आधीची नोंदच नसते. फायरिंगचा हंगाम सुरू होण्याआधी तलाठी, ग्रामपंचायत सदस्य आणि युनिटचा एक माणूस यांनी एक दिवस फिरून कडेच्या घरांचे फोटो घ्यावेत, तारखेसह. जिथं तडा आधीच आहे तिथं त्याच्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवून तारीख लिहायची. तडा हलला तर काच तडकते, नाही हलला तर शाबूत राहते. काचपट्टीच्या किमतीत दोन वर्षांचं भांडण मिटतं. पिकाच्या बाबतीत पंचनामा दोन-तीन दिवसांत झाला तरच अर्थ आहे. तुडवलेली बाजरी पंधरा दिवसांनी बघून कुणाला काय कळणार?

लष्कराच्या बाजूनंही एक सांगतो. रेंज ही जवानाची गरज आहे. खऱ्या दारूगोळ्यावर हात बसल्याशिवाय कुणी तोफखान्यात तयार होत नाही, सिम्युलेटर कितीही चांगला असो. देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी असो की अहिल्यानगरजवळची के. के. रेंज (हे के. के. म्हणजे खारे कर्जुने, गावाचंच नाव अद्याक्षरांत गेलंय), या जागांना पर्याय सहज मिळत नाही. म्हणूनच शेजाऱ्याशी नीट राहणं हा तळाचा स्वार्थ आहे. झारखंडच्या नेतरहाटला लोक नव्वदच्या दशकापासून रेंजच्या विरोधात उभे राहिले आणि २०२२ मध्ये राज्य सरकारनं मुदतवाढ दिली नाही. काश्मीरमधलं तोसा मैदान १९६४ पासून रेंज होतं, माणसं गेली, जायबंदी झाली, आणि २०१४ मध्ये मुदत संपल्यावर ते सोडावं लागलं. मुदतवाढीचा कागद टेबलावर येतो तेव्हा गेल्या वीस वर्षांतल्या नोटिसा आणि पंचनामे आठवतात, बँड कुणाला आठवत नाही.

दारूगोळा भांडाराच्या शेजारी प्रश्न बदलतो. तिथं रोजचा त्रास नसतो, पण एक दिवस येतो. पुलगावला ३०-३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली, अधिकारी, जवान आणि अग्निशमनाची माणसं मिळून दहाहून अधिक जण गेले, गावं अंधारात रिकामी करावी लागली. अशा गावात प्रत्येक घराला माहीत हवं की कुठल्या रस्त्यानं, कुठल्या शाळेत जायचं. आणखी एक, अगदी बारीक पण जीव वाचवणारं: लांब मोठा लखलखाट दिसला की लोक खिडकीशी धावतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन किलोमीटरवर धक्का पोचायला सहा सेकंद लागतात, म्हणजे माणूस नेमका काचेला नाक लावून उभा असताना तो येतो. उजेड दिसला की खिडकीपासून लांब, भिंतीच्या आड, खाली.

नगरपालिकेच्या अग्निशमन दलालाही कोठारांवरच्या फलकांचे आकार ठाऊक हवेत. अष्टकोन म्हणजे सगळं एकदम फुटणारं, तिथं पाण्याचा पाइप घेऊन शौर्य गाजवायचं नसतं, माणसं मागे घ्यायची. त्यानंतर फुली (क्रॉस), उलटा त्रिकोण आणि शेवटी पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, अशी धोक्याची उतरंड. वर्षातून एकदा एकत्र कवायत घेतली तर हे कळेल, आणि बंब कुठल्या गेटनं आत घ्यायचा, पासाशिवाय कोण सोडणार, हेही त्याच दिवशी ठरेल. आग लागल्यावर गेटवर ओळखपत्र तपासत बसणं परवडत नाही.

रेड झोनवर, म्हणजे भांडाराभोवतीच्या बांधकाम-बंधनांच्या पट्ट्यावर, खरं तर वेगळी पोस्ट हवी. पुण्याजवळच्या देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवती २००० यार्डांची, म्हणजे सुमारे १.८३ किलोमीटरची बंधनं आहेत. मूळ कायदा १९०३ चा, वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट. निगडी, तळवडे, रुपीनगर भागात गुंठा-गुंठा घेऊन घरं बांधणाऱ्या कितीजणांना खरेदीच्या वेळी ही रेषा कुणी दाखवली होती? जमीन विकणाऱ्यानं लपवलं हे खरं, पण रेषा जमिनीवर नव्हतीच. संयुक्त मोजणी करून हद्दीचे दगड रोवा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आणि मिळकतपत्रिकेवर नोंद करा. एवढं झालं तर पुढची खरेदी तरी डोळस होईल.

हवाई तळाशेजारी मुद्दा एकच, कचरा. १९३७ च्या विमान नियमांप्रमाणे विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला बंदी आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावभूमीसाठी (कचरा पुरायच्या जागेसाठी) अंतर २० किलोमीटर होतं, १० ते २० मध्ये हवाई दलाचा नाहरकत दाखला लागायचा. कोंबडीच्या दुकानांमागची आतडी उन्हं चढायच्या आत उचलली गेली नाहीत की घारी येतात, आणि तापलेल्या हवेवर घिरट्या घालत नेमक्या विमानांच्या उंचीला पोचतात. इथं चूक गावाची आणि नगरपालिकेची आहे, तळाची नाही. भागीदारी म्हणायची तर हेही ऐकून घ्यायला हवं.

आता एक मागणी, जी मी सगळ्यांत वर ठेवीन. जिल्हा पातळीवर मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या बैठका होतात, पण त्यात सरपंच नसतो. त्याला खुर्ची द्या. आणि तळावर एक वही ठेवा, गावनिहाय: कधी निरोप दिला, कुणाला दिला, काय नुकसान झालं, किती दिवसांत पंचनामा, किती ब्लाइंड बाकी. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो, तहसीलदारही बदलतो, आणि दर वेळी गावाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत हवी. नवा अधिकारी रुजू झाला की पहिल्या आठवड्यात ती वही घेऊन सरपंच आणि पोलीस पाटलासोबत रेंजची कड पायी फिरून यावी. गाडीतून नको, गाडीतून ओढ्याच्या पलीकडचं दिसत नाही.