प्रतिक्रियेला उत्तर : नकाशावरचे गडद तालुके आणि न मोजलेली बाळं

मृतजन्मांवरच्या (म्हणजे पोटात किंवा कळांमध्ये दगावून मृत जन्मलेल्या बाळांवरच्या) माझ्या लेखात तालुकावार दराचा नकाशा होता, जास्त दराचे तालुके त्यात गडद होते. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. सरकारी नमुना नोंदणीत (निवडक गावं-वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजणाऱ्या पाहणीत) मृतजन्मांचा दर एक आकडी असताना लेखात हजार जन्मांमागे १४ कसा? तालुकावार नकाशा रंगवून आदिवासी भागाची बदनामी का? आणि बाईनेच नीट काळजी घेतली तर बाळ पोटात दगावतं कशाला?

आधी आकडा. २८ आठवडे भरल्यानंतर बाळ मृत जन्मलं तर आपल्याकडे त्याची उपजत मृत्यू म्हणून नोंद व्हायला हवी. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ साठी भारतात असे सुमारे ३ लाख ४० हजार मृत्यू धरले; लेखातला हजारी १४ तिथून आला. तो अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे, हे तुमचं म्हणणं खरं. पण नमुना नोंदणीचा आकडा तिच्याच दुसऱ्या आकड्याशी जुळत नाही. २०२० मध्ये तिथला नवजात मृत्युदर २० होता. जन्मल्यावर महिन्याभरात हजारी २० दगावतात, आणि जन्माआधी त्याच्या निम्मीही नाहीत? सातव्या महिन्यातलं बाळ 'पडलं' म्हणून गर्भपातात जमा होतं, घरीच पुरलं जातं, मृतजन्माच्या नोंदीचा अर्ज (नमुना ३) कुणी भरत नाही. दर कमी दिसला की मी आधी नोंदवहीवर संशय घेतो.

बदनामीचा आक्षेप अर्धा मान्य. ४०० बाळंतपणांच्या तालुक्यात हजारी १० दराने ४ मृत्यू अपेक्षित असतात. निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी १ होईल, एखाद्या वर्षी ८. म्हणजे काहीही न बदलता दर अडीचवरून वीसवर, आणि तालुका फिकटाचा गडद. म्हणून तीन ते पाच वर्षांचे आकडे एकत्र केल्याशिवाय तालुक्याला रंग देऊ नये. लेखातला नकाशा एकाच वर्षाचा होता, ती चूक माझी.

पण नोंदीतली चूक बहुतेकदा उलट दिशेने होते, म्हणजे डोंगरातला तालुका आहे त्याहून फिकट दिसतो. नोंद घटना घडते तिथे होते. डोंगरातल्या पाड्यावरची बाई अडली की जिल्हा रुग्णालयात पाठवतात, बाळ तिथे मृत जन्मतं आणि डाग जिल्ह्याच्या गावाला लागतो. पहिलटकरीण माहेरी येते, म्हणजे नऊपैकी सात महिने सासरच्या पाण्यावर, चुलीच्या धुरावर आणि शेतातल्या कामावर गेलेले, नोंद मात्र माहेरच्या गावात. बीडची ऊसतोड करणारी बाई हंगामात सांगली-कोल्हापूरच्या फडात असते; तिची तपासणी धड इकडे नाही, धड तिकडे नाही. नकाशा करायचा तर आईच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणावरून करावा. नोंदीच्या अर्जात तो रकाना असतो, फक्त आकडेमोडीत तो कुणी वापरत नाही.

आता 'काळजी'. तंबाखूपुरता तुमचा मुद्दा बरोबर आहे. मुंबईतल्या एका अभ्यासात मिश्री-तंबाखूसारखा धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांत मृतजन्माचा धोका अडीच पटींच्या आसपास निघाला. दात घासायला मिश्री लावणं म्हणजे तंबाखू खाणं, हे पुष्कळ घरांत कुणाला वाटतच नाही. मात्र बाकीची मोठी कारणं बाईच्या हातात नाहीत. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला हे मोजल्याशिवाय कळत नाही. गरमी (सिफिलिस हा गुप्तरोग) तिला नवऱ्याकडून येते. वेळेत रक्त तपासलं तर लवकरच्या टप्प्यात बेंझाथीन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन पुरतं, उशिराच्या टप्प्यात आठवड्याला एक अशी तीन. सिकलसेल हा रक्ताचा आजार तर जन्मजात.

शिवाय दोष कुठे आहे ते बाळाची कातडीच सांगते. कातडी शाबूत असेल तर मृत्यू बहुधा गेल्या १२ तासांतला, म्हणजे बऱ्याचदा कळांमधला: अडलेली प्रसूती, उशिरा झालेलं सिझर, न मिळालेली गाडी. कातडी सोललेली असेल तर बाळ आधीच गेलेलं. तिथे रक्तदाब, साखर, संसर्ग, खुंटलेली वाढ शोधायची. पण ही खूणही फसवते, कारण कळांत गेलेलं बाळ बाहेर यायला खूप उशीर झाला तर तेही सोललेलं दिसतं. म्हणून दाखल होताना बाळाच्या हृदयाचे ठोके डॉपलरने (पोटावर लावून ठोके ऐकवणाऱ्या यंत्राने) मोजून लिहायचे (मिनिटाला ११० ते १६० ठीक), मग कळांमध्ये निदान दर अर्ध्या तासाने आणि जोर लावायच्या वेळी दर पाच मिनिटांनी. हा पहिला आकडा केसपेपरवर नसेल, तर बाळ घरी गेलं, वाटेत गेलं की वॉर्डात, हे नंतर कुणालाच ठरवता येत नाही, आणि मग 'बाईने काळजी घेतली नाही' असं लिहून फाईल मिटते.